हमीपत्रावरची सही

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागल्तं, आणि तोवर माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

सही म्हणजे तरी काय, नावाचं पहिलं अक्षर आणि पुढं एक लांब रेघ. शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धवट. सहामाही झाली अन् शाळा सुटली ती सुटलीच. जालन्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत माझं वर्कशॉप आहे. बियाणं चाळून साफ करायची यंत्रं आम्ही बनवतो, आणि त्यांचे सुटे भागही : शाफ्ट, गिअर, बेअरिंग बसवायचे लोखंडी ब्लॉक. शाफ्टवर अंगठा फिरवला की मी केसाएवढा फरक सांगतो. आजही सांगतो. त्यामुळं माझा स्वभाव असा झाला की जे अंगठ्याला कळत न्हाई ते खरं न्हाई.

पोरगं माझ्यासारखंच मशीनवर. कागदाचं सगळं सुनेकडं. ती अंकुशनगरची. तिचे वडील साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. ती बी.कॉम. होऊन आमच्या मस्तगडच्या घरात आली आणि दोन वर्षांत वर्कशॉपच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसली. आमचा माल देशाबाहेर जाऊ लागला तो तिच्यामुळं. हे मी त्या वक्ती कुणाजवळ कबूल केलं नसतं. आफ्रिकेत दोन गिऱ्हाइकं आणि युरोपात एक मोठी बियाण्याची कंपनी. त्या युरोपवाल्यांच्या करारात एक कलम होतं. तुमचा कोणताही माल बंदी असलेल्या मुलखात गेला, तर आमचा तुमचा व्यवहार बंद.

हे बंदीचं प्रकरण तिनं मला कितीदा समजावलं असंल. लढाया लागतात, मंग मोठे देश दुसऱ्या मुलखावर, तिथल्या कंपन्यांवर, माणसांवर, जहाजांवर बंदी घालतात. त्या नावांच्या याद्या असतात.

"आपल्या सरकारनं घातली का ही बंदी?" मी विचारायचो.

"न्हाई, मामा."

"मंग आपल्याला काय त्याचं?"

"पैसा डॉलरमधी येतो. त्यांच्या बँकांमधून येतो. रस्ता त्यांचा, गेट त्यांचं. त्यांनी अडवलं की आपण बाहेरच."

तिची पद्धत ठरलेली होती. ऑर्डर आली की घेणाऱ्या कंपनीचं नाव यादीत पाहायचं. मंग तिच्या मालकांची नावं पाहायची, कारण पाटी साफ असते अन् पाटीमागं बसलेला माणूस यादीत असतो. अशा माणसाचा निम्मा हिस्सा असला तरी ती कंपनी बंदीतच धरायची. मंग जहाज, मंग बँक. मंग मालाचा विचार. बियाण्याच्या चाळणीत बसणारा बेअरिंगचा ब्लॉक रणगाड्याच्या कारखान्यातही बसू शकतो, असं ती म्हणायची. मला हसू यायचं. शेवटी घेणाऱ्याकडून लिहून घ्यायचं की माल कोण वापरणार, कुठं वापरणार, पुढं कुणाला विकणार न्हाई. आणि हे सगळं एकदा ऑर्डर घेताना अन् परत एकदा गाडी निघायच्या दिवशी, कारण मधल्या काळात याद्या बदलतात.

"रोज बदलतात?"

"रोज न्हाई, पण कव्हाही बदलतात."

"पंचांग काढलंय का त्यांनी?"

"पंचांगात तिथी आधी छापलेली असते, मामा. हे तेवढंही सांगत न्हाईत."

अशी बोलायला हुशार. मला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून रागही यायचा.

उन्हाळ्यात दुबईचा एक व्यापारी आला. आपल्याकडचाच माणूस, पण वीस वर्षांपासून तिकडं. ओळखीतल्या एकानं पाठवल्ता. वर्कशॉपमध्ये आला अन् आधी माझ्या पाया पडला. मी कापलेला शाफ्ट हातात घेऊन म्हणाला, "बाबूजी, ये हाथ का काम है, मशीन का नहीं." एवढ्यावर मी पाघळलो. खोटं कशाला बोलू, आमच्या कामाला असं कुणी म्हणलं की माझा पायच जमिनीवर राहत न्हाई.

त्याला ब्लॉक आणि शाफ्ट पाहिजे होते, आमच्या चार महिन्यांच्या मालाएवढे. मोठं काम हातात घेतलं की जांब समर्थला जाऊन यायचा माझा नेम आहे. मी निघालो तर तो म्हणाला, मीही येतो. मंदिरात त्यानं माझ्या शेजारी माथा टेकला. पंगतीत मांडी घालून बसला, प्रसाद मागून घेतला. येताना गाडीत मी ठरवून टाकलं की माणूस बराबर आहे.

दुपारी जेवायला घरी आणलं. सून वाढून राह्यल्ती. वरण वाढता वाढता म्हणाली, "साहेब, तुम्हाला एक फॉर्म पाठवल्ता. त्यात कंपनीच्या मालकांची नावं भरायची राह्यलीत."

तो हसला. "बेटी, मैं ही मालिक, मैं ही चपरासी."

"मंग तसंच लिहून द्या. आणि माल पुढं कुठं जाणार तेही."

मी म्हणालो, "तू वाढायला आलीस का पंचनामा करायला?"

पाहुणा मोठ्यानं हसला. मीही हसलो. पोरगं खाली मान घालून भाकरी मोडत राह्यलं. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं अन् आत गेली.

तो गेल्यावर मी तिला परत बोललो. "ज्या माणसानं आपल्यासंगं देवापुढं माथा टेकला, त्याला घरी आणून तुझा मालक कोण म्हणून विचारायचं? ही काय रीत झाली? पाहुण्याची कुळी काढतं का कुणी?"

ती म्हणाली, "तुम्ही काढल्ती की, मामा. माझं लग्न ठरवताना तुम्ही अंकुशनगरला येऊन ऊसवाल्यांना विचारत फिरल्ते, हा काट्यावरचा माणूस वजनात मारतो का म्हणून. माझ्या मामाच्या गावालाही जाऊन आल्ते."

"ते सोयरीक होती."

"ही बी सोयरीकच हाय. पोरगी द्यायची न्हाई, माल द्यायचा एवढंच."

उत्तर सुचलं न्हाई की मी उठून जातो. तसा गेलो.

पाळ्या वाढवूनही माल बनवायला दोन महिने लागले. ती त्या व्यापाऱ्याला विचारतच होती. त्याचं एक पत्र आलं, माल शेतीच्या यंत्रासाठी आहे, एवढंच. मालकांची नावं आली न्हाईत. मला ती दर आठ दिवसांनी सांगायची अन् मी म्हणायचो, देईल. गाडी लागायची त्या दिवशी पोरगं कोईमतूरला प्रदर्शनाला गेल्तं. वर्कशॉपमध्ये मी, ती आणि कामगार.

आमच्याकडं माल भरला की गाडीपुढं नारळ फोडतात. ते काम माझं. पण एक शिस्त होती, आणि ती तिनंच लावल्ती. वरच्या खोलीतून ती "झालं, मामा" म्हणली की मंगच मी नारळ फोडायचा. कारण नारळ फुटल्यावर गाडी परत गेटात घ्यायची न्हाई, हा माझा नियम. चाळीस वर्षांत मी एकही गाडी मागं घेतली नव्हती.

त्या दिवशी मी वाट पाहिली न्हाई. आता खरं लिहितो. मी विसरलो न्हाई की घाई झाली न्हाई. मला माहीत होतं की ती थांबवणार. म्हणून मी मुद्दाम आधीच नारळ फोडला. एकदा फुटला की मंग माझा नियम लागू, तिचा न्हाई.

आवाज ऐकून ती जिन्यावरून पळत खाली आली. हातात कागद.

"मामा, गाडी थांबवा. परवाच नव्या याद्या आल्यात. ही कंपनी आठ महिन्यांपूर्वी उघडलीय, अन् हिचा पत्ता तोच हाय जिथं आधी एक बंदीतली कंपनी होती. मालक कोण ते अजून कळंना. दोन दिवस द्या. गाडी आत घेऊ."

"नारळ फुटलाय."

"मामा..."

"फुटलेली गाडी आत येत न्हाई."

"मंग गेटाबाहेर उभी करू."

ड्रायव्हर खोबऱ्याचा तुकडा चघळत उभा होता. तो म्हणाला, "ताई, दोन दिवस खोटी करून मी काय इथं खोबरंच खात बसू का?" कामगार हसले. माणसं हसली की मला माघार घेता येत न्हाई. ही माझी जुनी खोड.

हमीपत्र तिच्या हातात होतं. गाडीसोबत बंदरावरच्या एजंटाला ते द्यावं लागतं. सगळी चौकशी केली, माल बंदीच्या मुलखात जाणार न्हाई, असं त्यात लिहिलेलं. खाली सहीच्या जागी तिचं नाव टाईप केलेलं, कारण परदेशच्या कागदांवर सह्या करायचा अधिकार आम्ही तिलाच दिल्ता.

"मी यावर सही करणार न्हाई," ती म्हणाली. "मला माहीत न्हाई ते मला माहीत हाय असं कसं लिहू?"

"ठेव तो कागद."

तिनं टेबलावर ठेवला आणि पोराला फोन लावायला वर गेली. मी पेन घेतलं. तिच्या नावाच्या वर माझं अक्षर काढलं, पुढं रेघ ओढली, शिक्का मारला आणि ड्रायव्हरला दिला. गाडी वळली.

पोराचा फोन लागला न्हाई म्हणून ती खाली आली तव्हा गेट लागत होतं. "सही?"

"मी केली. मालक मी हाय."

"माझं नाव खोडून तुमचं लिहिलं ना, मामा?"

"हो," मी म्हणालो.

एवढ्या वयात मी एका शब्दाचं खोटं बोललो, आणि ते घरच्या माणसाशी.

पोरगं कोईमतूरहून परत आलं, पण यातलं त्याला ना मी सांगितलं ना तिनं. तीन आठवड्यांनी बंदरावरच्या एजंटाचा फोन आला. जहाज कंपनीनं कंटेनर अडवलाय. ज्या मालकाचं नाव आम्हाला कळलं न्हाई ते त्यांना कळलं होतं. तो माणूस यादीत होता, आणि माल दुबईत उतरून पुढं बंदीच्या मुलखाला जाणार होता. दुबईवाल्याचा फोन बंद. दुसऱ्याच दिवशी युरोपच्या कंपनीचं ईमेल : खुलासा येईपर्यंत तुमच्याकडचा सगळा माल थांबवला आहे. पाठोपाठ बँकेनं बोलावलं.

बँकेत आम्ही तिघं गेलो. परदेशी व्यवहार पाहणारा अधिकारी पोराच्या वयाचा, बोलायला नरम. त्यानं कागदाची प्रत टेबलावर ठेवली. "हे हमीपत्र खोटं ठरलंय. चौकशी न करता चौकशी केली असं लिहिलंय. वर कळवावं लागेल. ही सही कोणाची?"

नाव सुनेचं होतं. सही म्हणजे एक अक्षर अन् रेघ. आमच्या दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एकच आहे, अधिकाऱ्याला काय कळणार, अन् पोरानं कागद नीट पाहिलाच न्हाई. तिला कळलं. तिनं कागद पाहिला, मंग माझ्याकडं पाहिलं. मी त्याच वक्ती बोललो असतो तर एवढं लिहायची वेळ आली नसती.

मी म्हणालो, "परदेशचे कागद तीच बघते."

ते खरं होतं. म्हणून तर मी ते बोललो. खरं बोलून खोटं करता येतं, हे मला त्या खुर्चीत कळलं.

अधिकाऱ्यानं तिला विचारलं, "मॅडम?"

तिनं कागद परत त्याच्याकडं सरकवला. "कागद मीच बघते, साहेब," म्हणाली. पुढं काही न्हाई.

तो म्हणाला, "मग उद्यापर्यंत लेखी खुलासा तुमच्या नावानं द्या. तो मी वर पाठवीन. सह्यांचा अधिकार काढावा लागेल. आणि अहवालात तुमचं नाव जाईल. पुढं कुठल्याही कंपनीत हे काम करायला गेलात तर ते निघेल. मला वाईट वाटतं, पण चुकीच्या सहीला इलाज नाही."

गाडीत पोरगं तिच्यावर तुटून पडलं. "अकरा वर्षं आम्हाला शिकवलंस, यादी पाहा, मालक पाहा, अन् स्वतः सही करून बसलीस? तुला एवढं कळलं न्हाई? की कळून केलंस?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. मी पुढच्या सीटवर. मला फक्त मागं वळायचं होतं. मी समोरचा रस्ता पाहत बसलो.

"बोल की!" पोरगं ओरडलं.

"घरी गेल्यावर बोलू," ती म्हणाली.

घरी ती बोलली न्हाई. त्याला चहा दिला, मला दिला. दिवेलागणीला ओट्याजवळच्या टेबलावर कागद घेऊन बसली. शेजारी तिची फाईल : त्या व्यापाऱ्याला पाठवलेला प्रत्येक सवाल, आणि उत्तर न आलेली कोरी पानं. मी पाणी प्यायला आत गेलो तव्हा तिनं मान वर केली.

"मामा, खुलाशात काय लिहू?"

"लिही, चूक झाली म्हणून."

"कोणाची?"

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी रागाला राग लावला असता. तिनं सरळ विचारलं होतं, जसं ती पाहुण्याला फॉर्ममधलं नाव विचारते. पेन कागदावर टेकवून ती उत्तराची वाट पाहत होती. माझ्याएवढंच तिलाही ते उत्तर माहीत होतं. पण ती माझ्या तोंडून मागत होती, आणि मी दिलं न्हाई तर ती स्वतःचं नाव लिहिणार होती. पोराला सांगणार नव्हती, बँकेला सांगणार नव्हती. तिच्या बापाबद्दल मी ऊसवाल्यांना विचारलं होतं तव्हा सगळे एकच म्हणल्ते, तो माणूस काट्याला हात लावत न्हाई. त्याची पोरगी माझी लाज झाकून राह्यल्ती, आणि मी ती झाकू देत होतो.

मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत मी आंघोळ केली. पोराच्या गाडीत बसलो न्हाई, रिक्षानं गेलो. बँक उघडायला तास होता. पायऱ्यांवर बसलो तर वॉचमन म्हणाला, "बाबा, पेन्शनची लाईन त्या बाजूला हाय." मला शेठ म्हणणारे लोक जालन्यात कमी न्हाईत. पण मी गुपचूप त्या बाजूला जाऊन बसलो.

अधिकारी आला. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "काल दाखवली ती सही माझी. सुनेची न्हाई. तिनं न्हाई म्हणल्तं. तिनं गाडी थांबवा म्हणल्तं. मी तिच्या नावावर सही ठोकली अन् काल इथं बसून गप राह्यलो."

त्यानं खुर्ची पुढं केली. "काका, हे लिहून द्यावं लागेल. दुसऱ्याच्या नावावर सही करणं ही आणखी वेगळी गोष्ट आहे. सगळं तुमच्यावर येईल. वकिलाला विचारून या."

"कागद द्या."

"मी टाईप करून देतो, तुम्ही..."

"माझ्या हातानं लिहितो."

चौथीच्या अक्षरात लिहायला मला पाऊण तास लागला. मराठीतच लिहिलं. जोडाक्षरं चुकली असतील. त्यानं मला कोऱ्या कागदावर तीनदा सही करायला लावली. प्रत्येक वेळी तेच अक्षर, तीच रेघ. हमीपत्राच्या प्रतीशेजारी ठेवून त्यानं मान हलवली.

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो आणि पोराला फोन लावला.

"काल गाडीत तिला जे बोललास, त्याची आधी तिच्यापुढं माफी माग."

"का? तिनं काय केलं?"

"तिनं काहीच न्हाई केलं. सही मी केली. बँकेत खोटं मी बोललो. तू ओरडून राह्यल्ता तव्हा पुढं बसून मी ऐकलं."

मला फोनवर हळू बोलता येत न्हाई. लेथच्या आवाजात चाळीस वर्षं गेली. बाकड्यावरचे पेन्शनवाले सगळे माझ्याकडं पाहून राह्यल्ते. पोरगं म्हणालं, ऐकू आलं न्हाई, परत सांगा. मंग मी अजून मोठ्यानं, पहिल्यापासून, सगळं परत सांगितलं.